फेब्रुवारी 1932 चं पान

सहा वर्षांपूर्वी एका दिवाळी अंकात मी आजोबांवर लेख लिहिला होता. मंदीच्या काळातली त्यांची कारकुनी, गिरगावातल्या चाळीत एका खोलीत चौघांचं बिऱ्हाड, आणि तरीही भरभरून जगलेलं तारुण्य, असा त्याचा विषय. लेख पुष्कळांना आवडला. पत्रं आली, फोन आले, दोन शाळांनी भाषणाला बोलावलं. हाती पैसा नव्हता म्हणूनच तेव्हा माणसं एकमेकांची होती, असं मी त्यात ठासून लिहिलं होतं. भाषणांतही तेच सांगितलं आणि घरी मुलीलाही तेच ऐकवत आलो. ते म्हणणं आज मला मागं घ्यायचं आहे.

लेखाचा सगळा आधार आजोबांची रोजकीर्द होती. लाल कापडी पुठ्ठ्याची लांबट वही, 1930 पासून 1934 पर्यंतची. आजोबा मूळचे पूर्व खानदेशातले. मॅट्रिक होऊन 1929 साली मुंबईला आले आणि फोर्टातल्या एका पेढीत 50 रुपयांवर चिकटले. वय एकवीस. रोज रात्री निजण्याआधी ते पै-पैचा हिशेब मांडत. खाणावळ, धोबी, ट्रामचा आणा, वाचनालयाची वर्गणी, गणपतीची वर्गणी. इराण्याकडचा चहा जवळजवळ रोज, आणि पुढे कंसात सोबत कोण होतं त्याची आद्याक्षरं. आज यानं पाजला, उद्या त्यानं. महिनाअखेरीला हातउसने दोन रुपये, पहिल्या तारखेला परत.

मार्च 1931 मध्ये मॅजेस्टिकला ‘आलम आरा’ लागला, पहिला बोलपट. त्या शनिवारी वहीत खर्च काहीच नाही, फक्त ‘गर्दी फार, तिकीट मिळाले नाही’ एवढं लिहिलंय. पंधरा दिवसांनी त्याच नावापुढं चार आणे पडले आहेत. 1933 मध्ये ‘नाट्यमन्वंतर’चं ‘आंधळ्यांची शाळा’ पाहिलं. त्याच वर्षी डिसेंबरात जिमखान्यावर आपल्या भूमीवरची पहिली कसोटी झाली, लाला अमरनाथांनी शतक काढलं. त्या दिवशीचा खर्च शेंगदाणे, दोन पैसे. आत कसे शिरले, की बाहेरूनच पाहिलं, ते वही सांगत नाही. ही पानं वाचताना मी हरखून जायचो. रविवारी चौपाटी, मग कुणाच्या तरी खोलीवर पत्ते, पावसाळ्यात गॅलरीत चटया टाकून रात्री बारापर्यंत गप्पा. एवढ्याशा पगारात एवढं जगणं!

वहीबरोबर एक पुडकंही होतं. आजोबांच्या थोरल्या भावाची, म्हणजे आमच्या थोरल्या आजोबांची पत्रं. ते गावी शेती बघत. पत्रं मोडीत. मला मोडी येत नाही. लेख लिहिताना ते पुडकं टेबलावर माझ्यासमोर होतं, आणि घरगुती ख्यालीखुशाली असेल असं समजून मी ते बाजूला सारलं. गेल्या वर्षी मोडी वाचणाऱ्या एका निवृत्त शिक्षकांनी चार रविवार बसून ती पत्रं मला बाळबोधीत उतरवून दिली.

ख्यालीखुशाली पहिल्या दोन ओळींत संपते. पुढं सगळा कापूस. 1930 च्या हंगामापासून प्रत्येक पत्रात भाव उतरलेला. 1931 च्या अखेरीस थोरले आजोबा लिहितात की गाडी भरून जळगावला नेली, आणि दोन वर्षांपूर्वी जे हाती पडत होतं त्याच्या निम्मंही पडलं नाही. सारा मात्र रोकड भरायचा, तोही पूर्वी ठरलेलाच. सावकाराचं व्याज तेच. रुपये तेवढेच द्यायचे, आणि ते उभे करायला माल दुप्पट विकायचा. पण दुप्पट माल आणायचा कुठून?

मग मी वही पुन्हा उघडली आणि या वेळी पहिल्यापासून आकडे वाचले. 1930 मध्ये खाणावळीचे महिना 13 रुपये. 1933 मध्ये त्याच खाणावळीचे 10. धोतरजोडी स्वस्त झाली, तेल, डाळ, साखर सगळं उतरलं. पेढीनं 1932 मध्ये सगळ्यांचा पगार दहा टक्क्यांनी कापला, 50 चे 45 झाले, आणि त्याचं दुःख आजोबांनी वहीत ठळक नोंदवलंय. पण भाव त्याहून कितीतरी जास्त उतरले होते. कलकत्त्याच्या घाऊक भावांचा निर्देशांक 1929 मध्ये 141 होता, 1933 मध्ये 87. शेतमाल तर त्याहूनही खाली गेला. ज्याची नोकरी टिकली त्या कारकुनाच्या 45 रुपयांत आधीच्या 50 पेक्षा जास्त येत होतं.

मी सहा वर्षं सांगत आलो होतो की आजोबांची पिढी मंदी असूनही आनंदात राहिली. निदान आजोबांपुरतं ते चूक आहे. त्यांचा चहा, त्यांचं नाटक, त्यांचा बोलपट मंदीमुळंच परवडत होता. खाणावळीच्या ताटातली डाळ स्वस्त होती, कारण ती पिकवणाऱ्याला तिचे पैसे मिळत नव्हते.

एक पान मी मुद्दाम सांगतो. फेब्रुवारी 1932. काही महिन्यांपूर्वी, सप्टेंबरात, इंग्लंडनं सुवर्णचलन सोडलं होतं आणि सरकारनं रुपया पौंडाला बांधून ठेवला होता. तोळ्याचा भाव बावीसच्या आतबाहेर होता तो तिशीकडं गेला. खेड्यापाड्यांतून सोनं मुंबईकडं वाहू लागलं आणि मुंबईहून बोटींतून लंडनकडं. भाव चढला म्हणून विकलं, असं काही पुस्तकांत लिहिलेलं असतं. आमच्या घरचं कारण पत्रात आहे: सारा आणि व्याज. थोरल्या आजींच्या चार तोळ्यांच्या पाटल्या गावच्या एका माणसाबरोबर मुंबईला आल्या. गावात विकल्या तर बभ्रा होईल, म्हणून.

वहीत त्या दिवशी जमेला आहे: ‘वहिनींच्या पाटल्या, झवेरी बाजार, रु. 114-8-0’. खाली नावे बाजूला मनीऑर्डर, तेवढ्याच रुपयांची. मनीऑर्डरचं कमिशन आजोबांनी स्वतःच्या खर्चात टाकलंय. त्याच्या दोन ओळी खाली, त्याच शनिवारी: ‘अयोध्येचा राजा, 4 आणे’.

हे पान मी लेख लिहिण्याआधी वाचलं होतं. बोलपटाची ओळ लेखात घेतली. पाटल्यांची ओळ सोडली, कारण ती कुठं बसवावी मला कळलं नव्हतं.

आजोबांना मी दोष देत नाही. ते दरमहा गावी दहा रुपये पाठवत, मार्च 1932 पासून पंधरा पाठवू लागले. तेवीस वर्षांच्या मुलानं दिवसभर खतावण्या उतरवून, झवेरी बाजारात वहिनीच्या पाटल्या काट्यावर ठेवून संध्याकाळी चार आण्यांचा बोलपट पाहिला, तर त्यात त्याचं काय चुकलं? कदाचित त्या संध्याकाळी त्यांना कुठंतरी अंधारात बसायचंच असेल. चूक माझी आहे. त्यांच्या खिशातल्या चार आण्यांवरून मी एका अख्ख्या काळाचं मन मोठं होतं असा निवाडा दिला.

चाळीतली माणुसकी खोटी नव्हती. पण तिची हद्द मला आता दिसते. खोलीतल्या चौघांपैकी एकाची नोकरी 1931 च्या पावसाळ्यात गेली. त्याचं आद्याक्षर चहाच्या कंसात आणखी तीन महिने दिसतं, पण तो चहा कायम दुसऱ्यानं पाजलेला. हातउसन्याच्या यादीत तो पाच वेळा येतो, परतीच्या यादीत एकदाही नाही. दिवाळीनंतर त्याचं अक्षर वहीतून जातं. कुठं गेला ते कुणी लिहिलं नाही. रोज चहा पाजून घेणं त्याला किती जड गेलं असेल, याचा विचार मी पहिल्या वाचनात केलाच नव्हता. आणि परळ-लालबागच्या गिरण्यांत तेव्हा मजुरीला कात्री लागत होती, एप्रिल 1934 मध्ये मोठा संप झाला. त्या वस्त्या गिरगावापासून ट्रामनं एका आण्यावर. आजोबांच्या वहीत त्यांच्याबद्दल एक ओळ नाही.

मुलीला मी हे सगळं सांगितलं. ‘आमच्यापेक्षा कमी पैशात ते जास्त सुखी होते’ हे मी तिला कितीदा ऐकवलं होतं. ती आज बाविशीत आहे, नोकरीला आहे, आणि पगाराचा निम्मा भाग खोलीच्या भाड्यात घालते. तिची मी माफी मागितली.

त्या लेखाचं पुस्तक व्हायचं होतं. तो लेख त्यातून काढावा असं मी प्रकाशकांना कळवलं आहे. पत्रांची बाळबोध प्रत गावी चुलतभावाकडं पाठवली. पाटल्या विकल्याचं त्याच्या घरात कुणालाच माहीत नव्हतं. तुमच्या घरी अशी एखादी वही असेल, आणि तिच्याबरोबर न वाचता येणारं पुडकं असेल, तर ते आधी कुणाकडून तरी वाचून घ्या. मोडी वाचणारी माणसं अजून आहेत.