बोल समजले पाहिजेत

आमच्या घरात कुकर मी निवडते, मिक्सर मी निवडते, गच्चीवरची पाण्याची टाकीसुद्धा मीच निवडली. पण ज्या वस्तूची वायर स्वयंपाकघरात न जाता हॉलमध्ये जाते, ती पुरुषांनी निवडायची असा एक अलिखित कायदा आहे. टीव्ही आला तेव्हा मला एवढंच विचारलं होतं, की खालच्या टेबलासाठी कव्हर शिवशील का? त्यामुळे यंदा माझी पंधरा हजारांची भिशी निघाली आणि यातून मी हॉलसाठी दोन चांगले स्पीकर घेणार असं सांगितलं, तेव्हा जेवणं केव्हाच आटोपलेली असूनही सगळ्यांना ठसका लागला.

मग सल्ले सुरू झाले. ह्यांचं म्हणणं, वॉट जास्त पाहिजेत. भाऊजींचं म्हणणं, घ्यायचंच तर पाच डबे आणि एक मोठा धमधम करणारा असं होम थिएटर घ्या, पैसे वसूल वाटले पाहिजेत. पुण्याहून मुलाचा फोन आला, "आई, साउंडबार घे, एकच पट्टी असते, पुसायला सोपी." पुसण्याचं त्याच्या लक्षात आलं याचं मला कौतुक वाटलं. मात्र हे सगळं कशासाठी घ्यायचं, ते तिघांपैकी कुणीच विचारलं नाही.

ते सासूबाईंसाठी होतं. त्या चौऱ्याऐंशीच्या आहेत. आमच्याकडे सूर्यास्ताच्या आत जेवणं होतात, त्यामुळे सातपासून झोपेपर्यंत संध्याकाळ लांबच लांब पसरलेली असते, आणि ती सगळी हॉलमध्ये जाते. आधी प्रवचन, मग मराठी बातम्या, मग कुणी लावलं तर जुनी गाणी. दोन वर्षांत टीव्हीचा आकडा वीसवरून चाळीसवर गेला. शेजारच्या मुलीची बारावी होती, तिची आई दोनदा येऊन गोड शब्दांत बोलून गेली. आणि मग एक दिवस सासूबाई हॉलमध्ये यायच्याच बंद झाल्या. आतल्या खोलीत माळ घेऊन बसू लागल्या. सगळे म्हणाले, वय झालं, विरक्ती आली. मला काही तसं वाटेना. विरक्ती आलेलं माणूस "आज बातम्यांत काय सांगितलं?" असं रोज रात्री विचारत नाही. मी जवळ बसून विचारलं तेव्हा म्हणाल्या, "आवाज येते व, पण बोल नाही समजत."

हे एक वाक्य त्यांनी बोलून दाखवलं नसतं तर मीही वॉटच मोजत बसले असते.

नागपूरला कान तपासले होते, त्याचा कागद कपाटात होता. तो काढून पाहिला. डावीकडून उजवीकडे उतरत जाणारी रेघ, आमच्या छिंदवाड्याच्या घाटासारखी. उतारवयात आधी जातात ते वरचे, बारीक आवाज. आता मराठी बोलून पाहा. आ, ओ, ऊ हे स्वर खालच्या पट्टीत असतात आणि दणकट असतात. स, श, त, थ, ख, फ ही मंडळी वरच्या पट्टीत आणि नाजूक. शब्दाचं अंग स्वरांनी भरतं, पण त्याचा चेहरा या व्यंजनांनी ठरतो. सासूबाईंना अंग ऐकू येत होतं, चेहरा नाही. म्हणून साखरेची भाकर व्हायची. आकडा चाळीसवर नेला की स्वर आणखी दणदणायचे आणि व्यंजनं त्यांच्याखाली चेंगरायची. कानातलं यंत्र आहे त्यांच्याकडे. ते लग्नाकार्याला लागतं, एरवी डबीत असतं. "कानात भुंगा बसल्यावानी वाटते" म्हणतात. ती लढाई मी सोडलेली नाही, पण ती वेगळी.

बरं, त्यात आमचा टीव्ही. जुन्या डबा टीव्हीचा स्पीकर समोर, आपल्याकडे तोंड करून असायचा. आताचा टीव्ही वहीइतका पातळ. त्याचे स्पीकर खाली किंवा मागे तोंड केलेले. निवेदिका बोलते ती आधी भिंतीशी, मग भिंत आपल्याला सांगते. समोर काचेचं शोकेस, खाली गुळगुळीत टाइल्स, वर सिमेंटचा स्लॅब. रिकाम्या हॉलमध्ये एकदा टाळी वाजवली, तर टाळी विझण्याआधी भिंतींमध्ये तुरतुरत गेली. बिचाऱ्या निवेदिकेचं प्रत्येक वाक्य असंच दोन-तीनदा येत असणार.

मला उलगडा झाला तो गोटमारीच्या दिवशी. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या पांढुर्ण्यात जाम नदीच्या पात्रात पळसाचं झाड आणि झेंडा रोवतात, आणि अलीकडे पांढुर्णा, पलीकडे सावरगाव, असे दोन्हीकडचे लोक एकमेकांवर दगड फेकतात. त्याबद्दलचं माझं मत गावात सर्वांना ठाऊक आहे, इथे उगाळत नाही. त्या दिवशी आम्ही दार लावून घरात असतो. बाहेर भोंग्यावरून सूचना चालू असतात. सासूबाई मागच्या अंगणात वाती वळत बसल्या होत्या. एकदम म्हणाल्या, "कोण्या पोराची आई हरवली म्हणते. निळा सदरा घातला म्हणे." मी थबकले. इतक्या लांबचा भोंगा त्यांना शब्दन् शब्द समजला, आणि दहा फुटांवरचा टीव्ही समजत नाही!

भोंग्याला धमधम नसतेच मुळी. त्याच्या नरसाळ्यातून खालचे जाड आवाज निघतच नाहीत. मधली पट्टी तेवढी निघते, आणि माणसाचं बोलणं समजतं ते त्याच पट्टीत. शिवाय तो सगळा आवाज एका दिशेला फेकतो. ऐकायला कर्कश, पण शब्द स्वच्छ. उलट गणपतीतला डीजे घ्या. खालच्या आवाजाची एकेक लाट सहा-सात मीटर लांब असते, ती भिंतीला जुमानत नाही. तीन गल्ल्या पलीकडून शोकेसमधले कप वाजतात, पण गाणं कुठलं ते कळत नाही. म्हणजे भाऊजी मला घ्यायला सांगत होते तो त्या डीजेचा धाकटा भाऊ. मोठा धमधम करणारा डबा सुरू झाला की जाड आवाज बारीक आवाजांना झाकून टाकतात. सासूबाईंच्या कानांवर तर आधीच अर्धं झाकण.

तेव्हा एवढं ठरलं, की भोंग्याचा स्वच्छपणा पाहिजे, पण त्याचा कर्कशपणा नको.

मग मी सौंसरला गेले. सौंसर माझं माहेर. २०२३ मध्ये पांढुर्णा जिल्हा झाला आणि सौंसर आमच्या जिल्ह्यात आलं, म्हणजे सरकारी हिशेबाने माझं सासर-माहेर एक झालं. माझे थोरले बंधू आयुष्यभर रेडिओ दुरुस्त करत आले. आमच्या लहानपणी घरात मर्फीचा रेडिओ होता. बटण फिरवल्यावर आतले व्हॉल्व्ह तापेपर्यंत थांबावं लागायचं, मग नागपूर केंद्र उमलल्यासारखं यायचं. एखादा सुटा भाग मिळाला नाही तर दादा छोट्या लाइनीच्या गाडीने तो आणायला नागपूरला जायचे. ती छोटी गाडी २०१५ मध्ये बंद झाली, आता तिथे मोठी लाइन आहे. दादांचं दुकान आता मुलगा चालवतो, मोबाइलचं.

दादांनी आधी वॉटचा निकाल लावला. दुकानात एक जुना डबा पडला होता, त्यावर सोनेरी अक्षरांत पाच हजार वॉट लिहिलेलं. दादांनी तो उलटा केला. मागच्या पट्टीवर लिहिलं होतं, वीज लागते साठ वॉट. "बाई, तू घर चालवतेस. साठ रुपये घेऊन बाजारात गेलीस तर पाच हजारांचं सामान आणशील काय?" सोनेरी आकडा असतो तो एका क्षणापुरत्या उसळीचा, पीएमपीओ म्हणतात त्याला. खरा विचारायचा तो आरएमएस, सतत निघणारा. आणि आमच्या बारा बाय चौदाच्या हॉलला तो वीस-तीस असला तरी पुष्कळ, कारण घरात ऐकताना बहुतेक वेळ एक-दोन वॉटच खर्च होतात. त्याहून महत्त्वाची त्यांनी सांगितलेली गोष्ट म्हणजे स्पीकरची संवेदनशीलता. एक वॉट दिला तर एक मीटरवर किती डेसिबल आवाज देतो, तो आकडा. सत्त्याऐंशीवाल्यापेक्षा नव्वदवाला अर्ध्या विजेत तेवढाच बोलतो. कमी तेलात होणाऱ्या भाजीसारखं.

मी विचारलं, "दोन कशाला? जुनी गाणी तर एकाच डब्यासाठी केलेली." खरंच आहे ते. १९५५ मध्ये पुणे केंद्रावरून गीतरामायण सुरू झालं तेव्हा बाजारात स्टीरिओ तबकड्या आलेल्याच नव्हत्या. दादा म्हणाले, दोन सारखे डबे सारखाच आवाज काढतात तेव्हा गाणारा मधोमध उभा राहतो, जिथे टीव्हीचा पडदा आहे तिथे. स्टीरिओची कल्पना ज्याची, त्या ॲलन ब्लमलाइनची गोष्टही त्यांनीच सांगितली. १९३१ मध्ये हा इंग्रज इंजिनिअर बायकोबरोबर सिनेमाला गेला होता म्हणे. नट पडद्यावर एकीकडे आणि आवाज भलतीकडून, हे त्याला खटकलं, आणि त्याच वर्षी त्याने पेटंटचा अर्ज केला. दादांची ही गोष्ट मी ह्यांना मुद्दाम ऐकवली. बायकोबरोबर सिनेमाला गेल्यावर काय काय सुचतं, ते कळावं म्हणून.

खरेदीला नागपूरला गेलो, सीताबर्डीत. मी पेन ड्राइव्हवर माझी परीक्षेची प्रश्नपत्रिका घेऊन गेले होते. प्रवचनाचा एक तुकडा, मराठी बातम्यांची पाच मिनिटं, पेटीच्या साथीचा एक अभंग आणि एक जुनं गाणं. दुकानातला मुलगा चुणचुणीत. त्याने आधी स्वतःचं काहीतरी लावलं. काच फुटते, विमान जातं, ढोल बडवतात. ह्यांचे डोळे चमकले. मी म्हटलं, "बेटा, आमच्या घरात काच फुटली तर मला स्पीकरशिवाय कळते. बातम्या लाव."

बातम्या लागल्या आणि तो महागडा धमधम्या संच गुहेतून बोलल्यासारखा बोलू लागला. मग एकामागून एक लावत गेलो. यात एक खोच आहे, दादांनी आधीच बजावलं होतं. जो डबा जरा मोठ्याने वाजतो तो चांगलाच वाटतो, आणि दुकानदाराला जो विकायचा असतो त्याचं बटण थोडं पुढे गेलेलं असतं. म्हणून मी दरवेळी आवाज आधीच्या इतकाच करायला लावला. शिवाय मी डोळे मिटून बसत होते. डोळे उघडे असले की चकचकीत जाळी आणि निळा दिवा यांचं मत मध्ये येतं. साउंडबार वाईट नव्हता, बोलणं ठीक होतं, पण पेटीचा सूर त्याला पेलेना, हार्मोनिअमची माउथ ऑर्गन झाली. शेवटी दोन लहान लाकडी डबे, चार-चार इंचांचा वूफर आणि वर छोटा ट्विटर, अॅम्प्लिफायर आतच असलेले, म्हणजे वेगळा डबा नको. त्यात "शेतकऱ्यांसाठी" या शब्दातला "श" आणि "त" दोन्ही वेगवेगळे ऐकू आले. मी थांबले. साडेअकरा हजार. ह्यांनी हळूच विचारलं, "वॉट किती?" मुलाने सांगितलं, "दोन्ही मिळून बेचाळीस." ह्यांचा चेहरा पडला, पण भिशी माझी होती.

टीव्हीला जोडायचे ते वायरनेच, हे मी मुलाला निक्षून सांगितलं. ब्लूटूथवर आवाज किंचित मागे राहतो. ज्याला नीट ऐकू येत नाही ते माणूस ओठ वाचतं, त्याला तेवढा फरकही गोंधळात टाकतो.

घरी आल्यावर खरं काम. ह्यांनी दोन्ही डबे दोन कोपऱ्यांत ठेवले, शोभतात म्हणून. कोपऱ्यात ठेवलं की दोन भिंती मिळून खालचा आवाज फुगवतात, पुन्हा गुहा. मी ते भिंतीपासून फूटभर पुढे आणले. दोघांत जेवढं अंतर, साधारण तेवढ्याच अंतरावर सासूबाईंची खुर्ची, आणि डब्यांची तोंडं किंचित तिच्याकडे वळवलेली. उंची खुर्चीतल्या सासूबाईंच्या कानाइतकी हवी होती, सुताराकडून सागवानी दोन उंच स्टुलं करून घेतली. बाराशे रुपये. समोरच्या भिंतीवर माझ्या आईने शिवलेली वाकळ टांगली, खाली सतरंजी घातली. पुन्हा टाळी वाजवली, ती जागच्या जागी विझली. वाकळीवर एकही पैसा खर्च झाला नाही, आणि माझ्या मते निम्मं काम तिने केलं.

पहिल्या संध्याकाळी मी सासूबाईंना हाताला धरून आणलं, काही सांगितलं नाही. प्रवचन लागलं. त्या माळ ओढत होत्या, ती थांबली. बराच वेळ ऐकून म्हणाल्या, "महाराजांचा घसा बसला वाटते." खरोखर बसला होता. आमच्यापैकी कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं. नंतर बातम्यांत त्यांनी निवेदिकेचं मराठी काढलं. तिने "मदत केल्या गेली" म्हटलं म्हणे. आणि आवाजाचा आकडा अठरावर होता.

यंत्र अजून डबीतच आहे. चार पाहुणे एकदम बोलू लागले की त्या अजूनही गप्प होतात, त्याला हे डबे काही करू शकत नाहीत. ह्यांनी मधून मधून जुनी गाणी लावायला सुरुवात केली आहे, आणि कुणी विचारलं तर "आम्ही जरा शोधून घेतले" असं सांगतात. वीज गेल्यावर इन्व्हर्टर सुरू झाला की डाव्या डब्यातून मात्र बारीक घुंईऽऽ येते. दादा म्हणाले, दोष डब्याचा नाही, तुमचा इन्व्हर्टर जुना आहे, त्याची वीज ओबडधोबड येते. नवा साइन वेव्हचा घ्यावा लागेल. भिशीतले तेवीसशे उरलेत, त्यात तो येत नाही. पुढचा नंबर जाऊबाईंचा आहे, त्यांच्या मनात शिलाई मशीन आहे.