रोजानं की गुत्त्यानं?

उंद्रीच्या शिवारात माणसं कामाला लावायची तर भावाच्या आधी रीत ठरते. सोयाबीनची सोंगणी एकरी गुत्त्यानं म्हणजे ठोक भावानं, कपाशीची वेचणी किलोवर, निंदण रोजानं आणि गुराढोरांपासून राखणीपर्यंत सगळ्याला पाडव्याला ठरवलेला सालदार. चिखली तालुक्यातल्या आमच्या गावात हे कुणी कुणाला शिकवत नाही.

सोंगणीला गुत्ता बरा. वाळल्या शेंगा उन्हात तडकतात, वर परतीच्या पावसाची धास्ती. घाई हवीच असते आणि काम झालं की नाही ते बांधावरून दिसतं. निंदण गुत्त्यानं दिलं की तण वरवर खुडलं जातं, मुळं जमिनीतच राहतात. ते उमगतं पुढचा पाऊस पडल्यावर. म्हणून तिथं रोज, आणि रोज म्हटला की मागं कुणीतरी उभं राहणं आलं. किलोवरच्या वेचणीची गोम निराळीच. कवडी, पाला, दवानं ओला कापूस, सगळं झोळीत जातं. बाया लबाड नसतात. मी वजनाचे पैसे मोजतो, त्या वजन देतात. स्वच्छ कापूस हवा तर दव उतरेपर्यंत वेचणी सुरूच करू नये आणि त्या खोळंब्याचे पैसे आपण सोसावेत. हे मालकांच्या गळी उतरत नाही.

मागं उभं राहण्याचा हा प्रश्न शेतापुरता नाही. 2008 नंतर तारापूर-उंबरगावच्या काही कापड कारखान्यांना निकोलस ब्लूम आणि त्यांच्या सहकारी अर्थतज्ज्ञांनी फुकट सल्लागार दिले होते. यंत्रांची निगा, सुताच्या साठ्याची नोंद, चांगल्या कामाला बक्षीस, असल्या साध्याच गोष्टी. पहिल्या वर्षात उत्पादकता 17 टक्क्यांनी वाढली. मला बोचलं ते वेगळं. कारखाना किती मोठा होणार, हे मालकाच्या घरात कर्ते पुरुष किती यावर ठरत होतं. परक्याच्या हाती कारभार सोपवायला मालक धजत नव्हते.

आमच्याकडे तरी काय वेगळं? निंदणाच्या पातीमागं मालक नाहीतर मालकाचा पोरगा. निंदणाऱ्या बायांच्या टोळीची म्होरकी मावशी कुठं किती तण आहे हे माझ्याआधी सांगते, तरी देखरेख माझी. यंदा ती तिच्याकडे दिली आणि तिला गड्याचा रोज लावला. समान वेतनाचा कायदा 1976 सालीच झाला होता, पण शिवारात बाईचा रोज अजून गड्याच्या खालीच. पाती साफ निघतात. शेजारचे दादा मात्र माझ्यावर नाराज आहेत, "तुम्ही भाव बिघडवला," म्हणतात. त्यांच्या टोळीतल्या बायांनीही आता तोच रोज मागितलाय.