सुई मानेत असताना डॉक्टर मशीन का फिरवतात?

"डॉक्टर, सुई तर केव्हाच टोचली होती. मग एवढा वेळ करत काय होतात?" मानेतून हातात जाणाऱ्या कळांसाठी इंजेक्शन घेऊन गेलेल्या एका काकांनी मला विचारलं. पालथं पडून त्यांना फक्त मशीनची घरघर आणि 'अजून थोडं फिरवा' एवढंच ऐकू येत होतं. तुमच्यावर ही वेळ आली तर निदान काय चाललंय ते माहीत असावं, म्हणून हे लिहितोय.

त्या मशीनला सी-आर्म म्हणतात. ते एक्स-रेची हलती चित्रं दाखवतं. पण एक्स-रे म्हणजे शेवटी सावली. रात्री समोरून येणाऱ्या मोटारसायकलचा एकच दिवा दिसला, तर ती किती लांब आहे हे कळतं का? तसंच हे. सरळ चित्रात सुई मधोमध आहे की बाजूला ते कळतं. किती खोल आहे ते कळत नाही. आणि मानेत सगळा प्रश्न खोलीचाच असतो. औषध सोडायची जागा जेमतेम काही मिलिमीटरची, तिच्यापुढे लगेच मज्जारज्जू.

मग बाजूने का बघत नाही? बघतो. पण हे इंजेक्शन बहुतेक वेळा मानेच्या तळाशी, सातव्या मणक्याच्या खाली देतात, कारण तिथे जागा जरा ऐसपैस असते. नेमके तिथेच खांदे आड येतात. (म्हणून तुमचे हात खाली ओढून ठेवतात. त्रास होतो, कल्पना आहे.)

अशा वेळी सी-आर्म सुईच्या विरुद्ध बाजूला साधारण ५० अंश तिरका करतात. मणक्यांच्या मागच्या पट्ट्या मग कौलांसारख्या एकाखाली एक दिसू लागतात. त्यांच्या पुढच्या कडांना जोडणारी एक रेषा आम्ही मनात ओढतो. सुईचं टोक त्या रेषेपाशी आलं, की हात अगदी सावकाश. शेवटी थोडा डाय सोडून तो कुठे पसरतो ते बघायचं, आणि मगच औषध.

एकदा एका गृहस्थांची मान आखूड, खांदे भरलेले. कोन बदलून बदलून पाहिले, टोक स्पष्ट दिसेना. डायही हवा तसा पसरला नाही. मी सुई काढून घेतली. बाहेर त्यांचा मुलगा चिडला, "मग पैसे कशाचे?" त्याचा राग मला समजत होता, पण न दिसणाऱ्या जागी औषध सोडणं मला जमलं नसतं. पुढे त्यांचा हात गोळ्या आणि व्यायामानेच सुधारला. अशी दुखणी पुष्कळदा सुधारतात. ते श्रेय माझं नाही.

तुमच्याकडून हवं ते एवढंच: रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, डायची ॲलर्जी किंवा गर्भारपणाची शक्यता असेल तर आधी सांगा. सुई आत असताना मान हलवू नका, खोकला येत असेल तर आधी बोला. आणि हातापायात वीज चमकल्यासारखं झालं, तर लाजू नका, ताबडतोब सांगा. त्यासाठीच आम्ही तुम्हाला गाढ झोपवत नाही.