एक, दोन आणि बाकीचे
(द्वितीय वर्ष, कला)

'वचन बदला' हा शाळेतला प्रश्न म्हणजे आम्हा मुलांच्या हक्काचे गुण. नदी-नद्या, मासा-मासे, फूल-फुले. एकवचन आणि अनेकवचन यांच्या पलीकडे जगात आणखी काही असेल असे तेव्हा स्वप्नातही आले नव्हते. पुढे संस्कृतात 'रामः रामौ रामाः' भेटले आणि फक्त दोघांसाठी वेगळे रूप राखून ठेवणाऱ्या त्या भाषेचे नवल वाटले. नवलापेक्षा परीक्षेची धास्ती अधिक वाटली, हेही खरे! मराठीपर्यंत येता येता प्राकृतांनी ते द्विवचन वाटेतच टाकून दिले असे सरांनी सांगितले, तेव्हा सारा वर्ग प्राकृतांचा मनोमन ऋणी झाला.

असे हे वाटेत पडलेले द्विवचन यंदा मला पुन्हा भेटले, आणि तेही कुठे, तर संगणकात!

झाले असे, की आमच्या महाविद्यालयात भाषांतराचे एक शिबिर भरले होते. कुणालाही फुकट वापरता येईल अशा एका संगणक-प्रणालीतील वाक्ये मराठीत आणायची होती. कथा नाही, कविता नाही. 'तुम्हाला इतके संदेश आले आहेत', 'इतक्या फाईली पुसल्या' असली कोरडी वाक्ये. पण या वाक्यांत एक गंमत असते. 'इतके' या शब्दाच्या जागी एक भोक ठेवलेले असते. त्यात कोणता आकडा येऊन बसेल हे लिहिणाऱ्याला ठाऊक नसते. एक येईल, दोन येतील, पाचशेही येतील. आणि तरीही वाक्य शुद्ध राहिले पाहिजे.

इंग्रजी माणसाने यावर सोपा तोडगा काढला. आकडा एक असेल तर एकवचन, नसेल तर शब्दाच्या शेवटी 'एस' चिकटवून मोकळे व्हायचे. सुरुवातीच्या कित्येक प्रणालींत हा नियम यंत्राच्या पोटातच घट्ट बसवलेला असे. जणू साऱ्या जगाने इंग्रजीसारखेच मोजायचे! पुढे शहाणपण आले. वाक्यांची फाईल भाषेगणिक वेगळी झाली, आणि या भाषेत किती रूपे आहेत व कोणत्या आकड्याला कोणते रूप लावायचे, हे सांगणारे एक सूत्र त्या फाईलच्या डोक्यावर लिहिण्याची सोय झाली. युनिकोड संस्थेने तर जगातील भाषांचा असा तक्ताच केला आहे. त्यात जपानीला एकच रूप, मराठीला दोन, रशियनला चार आणि अरबीला चक्क सहा! माझी नजर मात्र हिब्रूपाशी अडली. तिथे तीन रूपे होती: एक, दोन आणि बाकीचे.

म्हणजे रामौ जिवंत आहे की! मी ग्रंथालयात जाऊन बसलो आणि मिळेल ते वाचू लागलो.

हिब्रूत दिवसाला 'योम' म्हणतात. अनेक दिवस म्हणजे 'यामिम', आणि दोन दिवस म्हणजे 'योमायिम'. वर्ष 'शाना', वर्षे 'शानिम', दोन वर्षे 'श्नातायिम'. आता भाषांतरकाराची अडचण पाहा. 'दोन दिवसांपूर्वी' हे वाक्य हिब्रूत आणताना 'योमायिम'च्या आधी २ हा आकडा लिहिला, तर 'दोन दोन-दिवस' असे काहीतरी विचित्र होऊन बसते. दोन त्या शब्दातच मुरलेले आहे. म्हणून तिथे आकड्याचे भोकच बुजवून टाकण्याची मुभा भाषांतरकाराला असावी लागते. एकाची तऱ्हा आणखी निराळी. तो नामाच्या मागून येतो: 'योम एखाद', दिवस एक. आकडा आधी आणि नाम नंतर असे ज्याने गृहीत धरले, त्याची इथे फसगत ठरलेली.

बरे, हे द्विवचन सगळ्याच शब्दांना असते का? तर तेही नाही. पुस्तकाला म्हणजे 'सेफर'ला ते नाही; दोन पुस्तके सरळ 'श्नेई स्फारिम'. काळ मोजणारे काही शब्द आणि हात, पाय, डोळे अशी जोडीने राहणारी मंडळी, एवढ्यांपुरताच त्याचा मुख्य संसार. चष्मा, विजार आणि सायकल यांचे शब्दही द्विवचनी थाटाचे आहेत. 'ओफान' म्हणजे चाक आणि 'ओफनायिम' म्हणजे सायकल, दोन चाके! हजारो वर्षांचा जुना प्रत्यय आजच्या सायकलवर बसून हिंडतो, याचे मला फार कौतुक वाटले.

शिवाय दहाच्या पुढे गेले की दिवस, वर्ष असे काही शब्द पुन्हा एकवचनात शिरतात. वीस वर्षे म्हणजे 'एस्रिम शाना'. युनिकोडच्या तक्त्यात पूर्वी हिब्रूला वीस, तीस, चाळीस अशा दशकांसाठी चौथेही रूप होते. ते २०२२ मध्ये काढून टाकले. ज्या शब्दांना असा फरक नाही, त्यांच्यासाठी तेच वाक्य दोनदा लिहावे लागे. म्हणजे रूपे कमी पडली तर भाषा अशुद्ध होते आणि जास्त झाली तर भाषांतरकाराचा जीव जातो. या दोहोंतली सीमा कुणीतरी बसून ठरवावी लागते.

तुम्ही म्हणाल, अलिबागकडच्या पोराला हिब्रूचे काय एवढे? पण आमच्या अलिबागात इस्राएल आळी आहे. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून 'शनवार तेली' म्हटले गेलेले बेने इस्राएल लोक पिढ्यान्‌पिढ्या आमच्याच कोकणात राहिले. किहीमकर, पेणकर, रोहेकर अशी गावांची आडनावे लावून ते मराठीच बोलले. त्यांना धर्मग्रंथांची भाषा शिकता यावी म्हणून डॉ. जॉन विल्सन यांनी १८३२ साली हिब्रू व्याकरणाची मूलतत्त्वे मराठीत लिहिली. १९४८ नंतर यांतील बहुतेक कुटुंबे इस्राएलला गेली. अलिबागच्या बाजारात मराठीत हिशेब करणाऱ्या आजीला तिकडे 'योमायिम' शिकताना काय वाटले असेल, असा विचार मनात येऊन गेला.

आणि बाजारावरून मला आई आठवली.

आई पांढऱ्या कांद्याच्या माळा विकते. अक्षरे ती चाळिशीत, प्रौढांच्या वर्गात शिकली. छापलेल्या शब्दावर तिचा फार विश्वास. गेल्या हंगामात एका गिऱ्हाइकाने फोनवरून पैसे धाडले आणि तिच्या पडद्यावर अक्षरे उमटली: '१ रकमा जमा झाल्या आहेत'. तिने ती बोट ठेवून दोनदा वाचली. गिऱ्हाइकाला थांबवले आणि मला फोन केला. "एक म्हणतोय नि झाल्या पण म्हणतोय. बाकीच्या अडकल्या का रे कुठं? का मलाच नीट वाचता येत नाही?"

आमच्या वर्गातल्या कुणी ते वाक्य पाहिले असते, तर हसून सोडून दिले असते. आम्हाला चुकीची मराठी वाचायची सवय झाली आहे. पण आईला 'झाल्या' हा शब्द म्हणजे माहिती वाटली, आणि ती बरोबर होती. वचन हे माहिती देण्यासाठीच असते. ज्याच्या घरात अक्षर नुकतेच आले आहे, तो छापलेल्या चुकीचा दोष छापणाऱ्याला देत नाही, स्वतःला देतो. हे मला फार लागले.

शिबिरात परत आल्यावर मी आमची फाईल निराळ्या डोळ्यांनी पाहिली. मराठीला रूपे दोनच, म्हणून आपले काम सोपे असे आम्ही समजत होतो. पण 'एक नवीन संदेश आहे' आणि 'पाच नवीन संदेश आहेत' ही वाक्ये घ्या. संदेश जागचा हलत नाही. वचन आहे ते क्रियापदात! नुसते नाम सुटे करून भाषांतराला दिले तर मराठी मोडणारच. हिब्रूतही नामाबरोबर विशेषण बदलते: एक संदेश 'होदाआ खदाशा', अनेक 'होदाओत खदाशोत'. आणि द्विवचन गेले म्हणता म्हणता आपल्याकडेही माणसांसाठी दोघे, दोघी, तिघे, चौघे उरलेच आहेत. 'तीन माणसे जोडली गेली' यापेक्षा 'तिघेजण आले' हे आईला अधिक आपले वाटेल.

सरांपुढे मी एवढेच मांडले, की आम्हाला शब्द देऊ नका, अख्खे वाक्य द्या आणि एकासाठी वेगळे वाक्य लिहू द्या. सरांनी ते मान्य केले. आता आमचा गट प्रत्येक वाक्य भोकात १ घालून मोठ्याने वाचतो, मग २ घालून, मग ५ घालून. वेळ दुप्पट लागतो, आणि काही मित्र कुरकुरतात. एवढ्याशा मात्रा-अनुस्वारासाठी कशाला हा खटाटोप, असे ते विचारतात.

मी त्यांना हिब्रूचे सांगतो. कुणी म्हटले असते की दोन दिवसांना वेगळा शब्द कशाला, यंत्राला दोनच रूपे कळतात, तर त्या लोकांना आपल्याच फोनवर परक्यासारखे वाचावे लागले असते. त्यांनी यंत्राला तीनपर्यंत मोजायला शिकवले. आपल्याला तर दोनपर्यंतच शिकवायचे आहे.