पहिलीच्या मॅडम

शिक्षकदिन जवळ आला की आमच्या रायपुरातल्या शाळांमधून शाल-श्रीफळाची लगबग सुरू होते. मुलं घरून गुलाबाची फुलं नेतात, पालकांकडे वर्गणीची चिठ्ठी येते आणि दहावी-बारावीचा निकाल चांगला लागला असेल, तर त्या त्या विषयाच्या शिक्षकांना व्यासपीठावर बोलावलं जातं. टाळ्या होतात, फोटो निघतो, समोसे वाटले जातात. सगळं छानच असतं. पण टाळ्या वाजवताना दरवर्षी माझ्या मनात यायचं, पहिलीला शिकवणाऱ्यांचं काय? त्यांचा निकाल कुठे लागतो?

आमच्या मुलाला पहिलीला ज्या मॅडम होत्या, त्यांनी सव्वीस वर्षं पहिलीच शिकवली. आमच्या घरात मराठी, शाळेत हिंदी, गल्लीत छत्तीसगढी. लेकरू पहिले दोन महिने वर्गात गप्पच बसे. त्यात आमच्या आडनावात 'ळ'. हिंदी पुस्तकात हे अक्षर नाही, म्हणून हजेरीपटावर 'ल' लिहिला गेला. इथल्या मराठी घरांना याची सवय असते; तीन-तीन पिढ्या कागदोपत्री 'ल' घेऊनच जगतात. "एका अक्षरासाठी काय शाळेत जायचं?" असं आमचे हे म्हणाले आणि विषय संपला.

पण मुलाच्या लेखी तो संपला नव्हता. एक दिवस त्याने वही दाखवली. वहीवर मॅडमच्या अक्षरात आडनाव, आणि त्यात चक्क 'ळ'! हजेरीच्या वेळी उठून त्याने "ऐसे नहीं" म्हटलं होतं म्हणे. दुसऱ्या दिवशी फाटकाशी मॅडमनी मला थांबवलं. "यह बोलते कैसे हैं? मुझे भी सिखाइए." जीभ टाळूला लावून त्यांनी चार-पाचदा म्हणून पाहिलं. जमलं नाही. तरी रोज हजेरी घेताना त्या प्रयत्न करीत, सगळा वर्ग हसे आणि आमचे चिरंजीव त्यांना दुरुस्त करीत. त्याचं गप्प बसणं तिथेच संपलं.

अशा कामाला पुरस्काराच्या अर्जात कुठला रकाना असणार? राष्ट्रीय शिक्षक पुरस्कारासाठी २०१८ पासून शिक्षकाला स्वतःच ऑनलाइन अर्ज भरता येतो. कुणी आपलं नाव सुचवील याची वाट पाहावी लागत नाही, हे बरंच झालं. पण आपल्याच कामाचे पुरावे गोळा करून पाठवायला वेगळा स्वभाव लागतो. मी एकदा मॅडमना सुचवून पाहिलं, तर त्या हसून म्हणाल्या, "फोटो कौन खींचता? मैं तो पढ़ा रही थी."

पुरस्कारांवरून आठवलं. आमच्या राज्यात शिक्षकांना जे पुरस्कार दिले जातात, त्यातला एक गजानन माधव मुक्तिबोध यांच्या नावाचा आहे. घरची भाषा मराठी, लेखन हिंदीत. धाकटे बंधू शरच्चंद्र मराठीतले कवी. मुक्तिबोध १९५८ मध्ये राजनांदगावच्या दिग्विजय महाविद्यालयात शिकवायला आले. त्याआधी त्यांनी शाळांतही मास्तरकी केली होती. मुलांसाठी त्यांनी भारताच्या इतिहास-संस्कृतीवर एक पुस्तक लिहिलं, त्यावर १९६२ साली तेव्हाच्या मध्यप्रदेश सरकारने बंदी घातली. १९६४ मध्ये ते गेले, आणि त्यांचा पहिला कवितासंग्रह त्यांना स्वतःच्या हातात धरायला मिळाला नाही. आज त्यांच्या नावाने मास्तरांचा सत्कार होतो. होऊ दे, चांगलंच आहे. पण मला राहून राहून वाटतं, हे त्यांच्या हयातीत त्यांना कुणीतरी सांगायला हवं होतं.

मॅडम दोन वर्षांपूर्वी निवृत्त व्हायच्या होत्या. शाल, नारळ आणि 'कर्तव्यनिष्ठ, समर्पित' असं छापील मानपत्र ठरलेलंच होतं. आम्ही तिघी आयांनी जुन्या विद्यार्थ्यांचे पत्ते शोधले आणि एवढंच कळवलं, मॅडमनी तुमच्यासाठी केलेली एकच गोष्ट एका कार्डावर लिहून पाठवा. 'आप महान हैं' चालणार नाही!

एक्केचाळीस कार्डं आली. पाच-सहा नुसत्या शुभेच्छांची होती, ती सोडा. गोलबाजारात दुकान सांभाळणाऱ्या एकाने लिहिलं, "मी डावखुरा. घरी सगळे मारून उजव्या हातात पेन्सिल देत. मॅडमनी हात बदलला नाही, माझी जागा बदलली. बाकाच्या डाव्या टोकाला बसवलं, म्हणजे शेजाऱ्याच्या कोपराला कोपर लागायचं नाही." भिलाईला नोकरी करणाऱ्या एका मुलीने लिहिलं, की तक्त्यावरच्या टोमॅटोला ती 'पताल' म्हणाली आणि वर्ग हसला, कारण तो छत्तीसगढी शब्द. मॅडमनी लगेच खडू घेतला आणि 'टमाटर'च्या खाली 'पताल' लिहिलं. एकाने तर लिहिलं, "मला एकदा थप्पड मारली होती. दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर माफी मागितली." हे कार्ड ठेवावं की नाही, यावर आमच्यात बराच वाद झाला. ठेवलं.

शाळेत सगळेच खूश झाले असं मात्र नाही. आठवीच्या एका सरांनी सरळ विचारलं, "हे एकीसाठीच का?" प्रश्न रास्त होता. बावीस वर्षं गणित शिकवून त्यांनाही कुणी काही लिहिलं नव्हतं. पुढच्या वर्षापासून वरच्या वर्गांसाठीही कार्डं मागवायला लागलो. सरांना नऊच आली, पण ती त्यांनी खिशात घालून नेली, पिशवीत नाही!

समारंभात वेळ कमी, म्हणून चारच कार्डं वाचून झाली. बाकीची मिठाईच्या रिकाम्या डब्यात घालून मॅडमच्या हाती दिली. रात्री साडेदहाला त्यांचा फोन आला. मला वाटलं, आभार मानतील. त्यांनी आधी विचारलं, तो डावखुरा मुलगा दुकानाचा हिशेब कोणत्या हाताने लिहितो? मग थोडं थांबून म्हणाल्या, खिडकीशी बसणारी, दोन वेण्यांची, वर्षभर एक शब्दही न बोललेली एक मुलगी होती. तिचं कार्ड यात नाही. ती कुठे आहे, ते बघाल का?

आम्ही तिघी अजून शोधतो आहोत.