लोहाऱ्याचे ऊन

सोलापूरहून हैदराबादच्या महामार्गाला लागले, की तासाभरात नळदुर्ग येते. बोरी नदी अडवून किल्ल्यात बांधलेला तेथील पाणीमहाल पाहिल्याशिवाय आमचे आजोबा कधी पुढे जात नसत. आम्हीही तो शिरस्ता पाळला आणि मग महामार्ग सोडून उत्तरेकडे, लोहाऱ्याच्या वाटेला लागलो. पौषाचे दिवस होते. तुरीच्या काढणीची लगबग चालू होती, शाळू पोटरीत आला होता आणि हरभऱ्याच्या घाट्यांचा आंबट वास वाऱ्यावर येत होता. आकाश निरभ्र, ऊन स्वच्छ. याच उन्हाच्या कामासाठी आम्ही निघालो होतो.

लोहारा हे आज धाराशिव जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण. येथे आजोबांचे भुसाराचे दुकान होते. 1993 च्या भूकंपानंतर आमचे कुटुंब सोलापुरास आले, दुकान गेले. पण गावाबाहेरची आठ एकर जमीन राहिली. त्यातील पाच एकर काळी, तीन एकर मुरमाड माळ. ती जमीन तात्या बटाईने करतात. तात्या आमच्या नात्याचे नाहीत. पण त्यांच्या वडिलांनी आमच्या दुकानात तोलाई केली आणि तात्यांनी गेली तीस वर्षे आमची जमीन राखली. वर्षाकाठी त्यांचा निरोप येतो, धान्याचे पोते येते आणि हिशेबाची चिठ्ठी येते. त्या चिठ्ठीत आजवर एका रुपयाची चूक निघालेली नाही.

गेल्या दिवाळीत सौर प्रकल्पासाठी जमीन पाहणारा एक मध्यस्थ माझ्या थोरल्या चुलतभावाला, अण्णांना, भेटला. जवळच्या वीज उपकेंद्रासाठी प्रकल्प उभारायचा आहे, तुमची जमीन भाडेपट्ट्याने द्या, असा प्रस्ताव त्याने ठेवला. राज्य शासनाच्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत खासगी जमिनीला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडे व दरवर्षी तीन टक्के वाढ असा दर आहे. आठ एकरांचे वर्षाला चार लाख झाले. आमच्याकडे सोयाबीन एकरी सहा क्विंटल पडले, तर वर्ष चांगले म्हणायचे. निम्मा वाटा आणि बियाणे-खतांचा खर्च वजा जाता आमच्या हाती लाखसुद्धा येत नाहीत. अण्णांनी वहीच्या एका पानावर दोन्ही आकडे मांडले आणि म्हणाले, “यात विचार करण्यासारखे काय आहे?” पानावर पाहिले तर काहीच नव्हते. तरीही मी म्हटले, एकदा जाऊन तात्यांना भेटू.

तात्यांनी बांधावरच्या लिंबाखाली घोंगडी अंथरली. चहा झाला. विषय काढण्याआधी मी विहिरीवरच्या मोटारीची चौकशी केली. तात्या म्हणाले, “लाईटीचं काय सांगावं शेठ! पाळी रातीची आली की बॅटरी घेऊन निघायचं. मागच्या साली शेजारच्या रानात दारं धरताना पोराला पान लागलं. वाचलं, नशीब.” सर्पदंशाला आमच्याकडे ‘पान लागणे’ म्हणतात. शेतीपंपाला दिवसा वीज मिळावी, ही या भागाची किती वर्षांची मागणी आहे, हे आपणा व्यापाऱ्यांना निवडणुकीच्या भाषणांतून माहीत असते. रात्री दोन वाजता गहू भिजविणाऱ्यालाच तिचा खरा अर्थ ठाऊक असतो.

ही वीज येते कोठून? आपल्या राज्याची वीज आजही मुख्यतः कोळशाची आहे. चंद्रपूरच्या महाऔष्णिक केंद्राची क्षमता 2,920 मेगावॅट. कोराडी, खापरखेडा, भुसावळ, पारस, नाशिक ही त्याच मालिकेतील नावे. मराठवाड्यातील नाव परळीचे. तेथे 1971 साली 30 मेगावॅटचा पहिला संच सुरू झाला. जुने संच एकेक करून थांबले आणि आता 250 मेगावॅटचे तीन संच आहेत. आमच्या सोलापूरजवळही एनटीपीसीचे 1,320 मेगावॅटचे केंद्र आहे. त्याला कोळसा रेल्वेने येतो आणि पाणी शंभराहून अधिक किलोमीटरच्या जलवाहिनीने उजनी धरणातून. कोळशाची वीज म्हणजे निम्मी पाण्याची वीज, हे दुष्काळी मुलखाला फार लवकर कळते. 2015 साली पाण्याअभावी परळीचे संच बंद करावे लागले. त्याच दुष्काळात, एप्रिल 2016 मध्ये, लातूरला मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी आणावे लागले होते.

श्रावकाचाराच्या ग्रंथांत गृहस्थाने टाळावयाचे पंधरा व्यवसाय सांगितले आहेत. त्यांत अंगारकर्म म्हणजे कोळशाचा व भट्टीचा धंदा आहे, स्फोटकर्म म्हणजे भूमी फोडण्याचा धंदा आहे आणि जलाशय आटविण्याचेही काम आहे. औष्णिक केंद्राच्या मुळाशी हे तिन्ही येतात. आपण कोळशाची वखार काढली नाही, खाणीत भांडवल घातले नाही, म्हणून आपण त्यापासून दूर आहोत असे मानतो. पण आपली डाळ मिल, आपले शीतगृह, दुकानातील पंखा आणि मंदिरावरची रोषणाई त्याच विजेवर चालते. तेव्हा उन्हाची वीज येत असेल, तर तिचे स्वागतच करावे, असे मला मनापासून वाटते. प्रश्न एवढाच की, त्या स्वागताचा खर्च कोणाच्या नावे पडतो?

मी तात्यांना प्रस्ताव सांगितला. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “दिवसा लाईट येणार असंल तर चांगलंच हाय. पर रानच नसलं, तर लाईट घेऊन मी भिजवू काय?”

त्यांच्या या एका वाक्यात ऊर्जाधोरणाची सारी अडचण आली आहे. कोळशाच्या केंद्राभोवती धूर, राख आणि आजार असतात. पण त्याच्याभोवती माणसेही जगतात. खाणीतील मजूर, वाघिणी रिकाम्या करणारे, कंत्राटी कामगार, राखेच्या विटा पाडणारे, मालमोटारींचे चालक, खानावळवाले, किराणा दुकानदार. केंद्र थांबले की कायम नोकराची बदली होते, कंत्राटी कामगार घरी बसतो आणि बाजारपेठेची उधारी बुडते. सौर प्रकल्पाचे तसे नाही. उभारणीच्या काही महिन्यांत मजुरांची गर्दी होते. नंतर पत्रे धुणे, गवत काढणे, राखण करणे आणि यंत्रे पाहणारा एखाददुसरा तंत्रज्ञ, एवढ्यांवर भागते. परळीला जाणारा रोजगार लोहाऱ्याला येतो असे नव्हे. बराचसा तो मधल्यामध्ये नाहीसा होतो.

आणि जेथे थोडक्यांच्या हाती एकाएकी पैसा येतो, तेथे राजकारण येतेच. राखेच्या वाहतुकीवर कोणाचा ताबा, यावरून परळीचे नाव वर्तमानपत्रांत कितीदा आले आहे. डिसेंबर 2024 मध्ये बीड जिल्ह्यातील मस्साजोगच्या सरपंचांची निर्घृण हत्या झाली. पवनऊर्जा कंपनीकडे मागितलेल्या खंडणीशी तपास यंत्रणेने तिचा संबंध आरोपपत्रात जोडला. वारा शुद्ध असतो, ऊन शुद्ध असते. त्यांच्यावरचा व्यवहार आपोआप शुद्ध होत नाही. शेतीपंपांना साडेसात अश्वशक्तीपर्यंत मोफत वीज देण्याची योजना शासनाने 2024 मध्ये आणली. तिचा भार राज्याच्या तिजोरीवर आहे, आणि शेतीची वीज स्वस्त ठेवण्यासाठी व्यापारी व औद्योगिक ग्राहक चढा दर आधीपासूनच देत आले आहेत. दिवसाच्या स्वस्त सौर विजेने हा भार हलका व्हावा, असा धोरणाचा हिशेब आहे. हिशेब योग्य आहे. पण त्यात बटाईदाराचा रकाना नाही. भाडे सातबाऱ्यावर नाव असणाऱ्याला मिळते. ज्याचे नाव तेथे नाही, त्याने तीस वर्षे जमीन कसली तरी तो हिशेबाबाहेरच राहतो.

दुपारी आम्ही सास्तूरला गेलो. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे हा भाग उमरगा तालुक्यात होता. गणेशविसर्जन करून गावे झोपली होती. चारच्या सुमारास जमीन हलली आणि दगडमातीच्या रुंद भिंती झोपलेल्या माणसांवर कोसळल्या. किल्लारी आणि सास्तूर ही नावे त्या दिवशी जगाला कळली. पुढे लातूर व धाराशिव जिल्ह्यांतील 52 गावे नव्या जागी वसविली गेली. आखीव रस्ते, सारखी घरे. आज त्या वसाहतींतून हिंडताना वाटते, घरे तर झालीच पाहिजे होती. पण माणसे उभी राहिली ती केवळ घरांनी नव्हे. भारतीय जैन संघटनेने या भागातील सुमारे 1,200 मुले शिक्षणासाठी पुण्यास नेली. ती शिकली, कामाला लागली, काही परत आली. विटांचा हिशेब लवकर पूर्ण होतो; पुढच्या पिढीचा हिशेब धरणारे कोणी असावे लागते.

कोळशाकडून उन्हाकडे जाणे हाही एक प्रकारचा भूकंपच आहे. तो हळू येणारा आहे, एवढेच. पत्रे बसविणे हे घरे बांधण्यासारखे आहे. परळीच्या कंत्राटी कामगाराच्या मुलाला आणि लोहाऱ्याच्या बटाईदाराच्या मुलाला नवे काम शिकविणे, हे खरे पुनर्वसन.

संध्याकाळी परतताना मी अण्णांना दूरध्वनी करून माझे मत सांगितले. काळीची पाच एकर तात्यांकडेच राहील. माळाची तीन एकर प्रकल्पाला द्यावी. तेथे तसेही कुसळाशिवाय काही पिकत नाही आणि शेजारच्यांचा माळही त्यात जाणार आहे. तीन एकरांचे वर्षाला दीड लाख येतील. तात्यांची जनावरे त्या माळावर चरतात, म्हणून त्यातील चौथा हिस्सा करार असेपर्यंत तात्यांच्या घरी जाईल. त्यांचा नातू आयटीआयला वीजतंत्रीचे शिक्षण घेऊ पाहतो. त्याची फी पहिल्या वर्षाच्या भाड्यातून भरावी आणि प्रकल्पावर त्याला काम देण्याचे कलम करारातच लेखी घालून घ्यावे.

अण्णा व्यापारी. त्यांनी लगेच आकडा काढला. “म्हणजे वर्षाला अडीच लाख सोडायचे, आणि वर चौथाई द्यायची?”

मी म्हटले, “होय. पण दिवसा लाईट आली तर काळीचे उत्पन्न वाढेल, तेही आपलेच आहे.”

पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग ते म्हणाले, “चौथाईचे तोंडी नको. उद्या तू नसशील, मी नसेन. वहीत लिहून ठेव, आणि खाली मुलांच्याही सह्या घे.”

रात्री घरी आल्यावर मी वही उघडली. तात्यांच्या नावाचे पान तीस वर्षांपासून होतेच. त्यावर बाजू मात्र आजवर एकच होती, त्यांनी आम्हाला दिल्याची. दुसरी बाजू त्या रात्री प्रथम लिहिली.