उसनी स्मृती

न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातले शे स्टेडियम देखणे होते, असे त्याच्या निस्सीम भक्तांनीही कधी म्हटले नसेल. १९६४ साली उघडलेले काँक्रीटचे ते अवाढव्य कडे. डोक्यावरून ला गार्डियाची विमाने अशी जात, की शेजाऱ्याशी चाललेले बोलणे वाक्याच्या मध्यावरच थांबवावे लागे. तरीही २००६ च्या उन्हाळ्यात आम्ही दोघे तिथे गेलो आणि मेट्स या संघाचे कायमचे झालो. क्रिकेटवर पोसलेल्या माणसाला बेसबॉलची गोडी लागायला फार वेळ लागत नाही. चेंडू सुटण्यापूर्वीची शांतता दोन्हीकडे सारखीच. त्या वर्षी मेट्स गटात पहिले आले आणि ऑक्टोबरमध्ये सेंट लुईसविरुद्धच्या सातव्या सामन्यात हरले. कार्लोस बेल्ट्रान शेवटच्या चेंडूकडे नुसता पाहत उभा राहिला. पुढची दोन्ही वर्षे हंगामाच्या अगदी शेवटच्या दिवशी तोंडचा घास गेला. २८ सप्टेंबर २००८ चा शेमधला अखेरचा सामना म्हणजे त्यांतलाच एक पराभव.

२००९ च्या उन्हाळ्यात सात क्रमांकाच्या गाडीतून उतरलो, तेव्हा शेच्या जागी वाहनतळ होता. शेजारी सिटी फील्ड उभे होते: विटांच्या कमानी, आणि आत शिरताच जॅकी रॉबिन्सनच्या नावाचे भव्य वर्तुळाकार दालन. तिथे त्याचा ४२ हा क्रमांक माणसाहून उंच, निळ्या रंगात उभा केलेला आहे. ही सारी घडण ब्रुकलिनच्या एबेट्स फील्डची आठवण करून देण्यासाठी आहे. रॉबिन्सनने १५ एप्रिल १९४७ रोजी वर्णभेदाची भिंत फोडली ती तिथे, पण डॉजर्स संघाकडून. तो संघ १९५७ च्या हंगामानंतर लॉस एंजेलिसला गेला. मेट्स जन्मले १९६२ साली. रॉबिन्सन त्यांच्याकडून कधीच खेळला नाही. आपले घर बांधून दारावर दुसऱ्याच्या पूर्वजाची तसबीर लावावी, तसे हे झाले, अशी कुरकुर चाहत्यांत होती. मेट्सच्या स्वतःच्या इतिहासाचे दालन २०१० मध्ये उघडले.

आम्हाला ती कुरकुर अर्धीच पटली. ४२ हा क्रमांक साऱ्या संघांत निवृत्त केल्याची घोषणा १९९७ साली झाली, ती शेमध्येच. म्हणजे खरा धागा होता तो पाडलेल्या मैदानाचा. शिवाय त्या दालनात उभे असताना आम्हा मराठीच्या मास्तरांना पालवणकर बाळू आठवणे अटळ होते. पुण्यात मैदानावर त्याच्या फिरकीवर विसंबणारे सहकारी चहाच्या वेळी त्याला बाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात चहा देत. त्याचा धाकटा भाऊ विठ्ठल हिंदूंच्या संघाचा कर्णधार झाला, तेव्हा १९२३ साल उजाडले होते. अशा माणसाच्या नावाचे दार, उसने का असेना, असलेले बरे.

खटकले ते वेगळेच. शेमध्ये सुमारे ५७ हजार माणसे मावत, इथे सुमारे ४२ हजार. खुर्च्या ऐसपैस, पाय पसरता येतात. पण कमी झालेल्या त्या जागांत आमच्यासारख्यांच्या वरच्या, स्वस्त रांगा होत्या. वीस वर्षांच्या नावापोटी एका बँकेने ४० कोटी डॉलर कबूल केले, आणि त्याच सुमारास ती बँक सरकारी पैशावर तगून होती. बर्गरसाठीची रांग मात्र अशी, की तिच्यात उभे राहून दोन डाव सहज निघून जावेत. (ते निघून गेले.)

खेळावरही वास्तूची छाया पडली. डावीकडची भिंत सोळा फूट उंच. २००८ मध्ये ३३ होमरन मारणाऱ्या डेव्हिड राइटला २००९ च्या सबंध हंगामात दहाच मारता आले. पुढे २०१२ साली कुंपण आत घ्यावे लागले. आम्ही पाहिलेल्या सामन्यात असाच एक उंच फटका गेला, सगळे उभे राहिले, चेंडू भिंतीवर आदळून परत आला आणि सगळे खाली बसले. शेजारचे वृद्ध गृहस्थ म्हणाले, शेमध्ये हा पार गेला असता. आमची शेमधली ज्येष्ठता एका उन्हाळ्याची. तरी आम्हीही गंभीरपणे मान डोलावली.